माकडताप : जंगलात जाणाऱ्यांनाच विचारा

फेब्रुवारी उजाडला की दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागांमध्ये माणसांची वर्दळ सुरू होते. सकाळी लवकर बागेत जायचे, झाडाखालच्या पातेऱ्यातून पडलेले बोंडू वेचायचे, बी पिरगळून वेगळी करायची. काम सारे वाकून किंवा उकिडवे बसून. हात आणि पाय वाळक्या पानांत. दुपारपर्यंत अंगाला घामाच्या धारा लागतात, म्हणून लांब बाह्यांचा सदरा कोणाला नको वाटतो. मे महिन्यापर्यंत हे चालते आणि अनेक घरांची वर्षाची रोकड याच तीन-चार महिन्यांत हातात येते.

नेमक्या याच महिन्यांत त्या पातेऱ्यात गोचिडांची पिल्ले असतात. खसखशीच्या दाण्याएवढी, डोळ्यांना सहज न दिसणारी. त्यातल्या एखाद्या पिल्लाच्या पोटात क्यासनूर जंगलतापाचा विषाणू असला आणि ते पोटरीला किंवा काखेत चिकटले, तर तीन ते आठ दिवसांनी माणसाला एकाएकी थंडी वाजून ताप भरतो. डोके फुटल्यासारखे दुखते, कंबर आणि पोटऱ्या धरतात, डोळे लाल होतात, उलट्या सुरू होतात. काहींना हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाते. आपल्याकडे याला माकडताप म्हणतात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणू मारणारे खास औषध अजून नाही. वेळेवर दाखल करून पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळणे हाच उपचार.

या आजारावर सर्वांत सोपा सल्ला एकच आहे आणि तो दरवर्षी दिला जातो : जंगलात जाऊ नका. सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आहे. तो ऐकून घरी बसलेला माणूस मात्र शोधावा लागेल. सरपण कोण आणणार? गुरे कोण चारणार? काजू कोण वेचणार? आजार समजून घेणारे संशोधन आणि आजाराच्या वाटेवरून रोज चालणारी माणसे यांची गाठच पडली नाही, की असे सल्ले तयार होतात. माकडतापाचा जवळजवळ सत्तर वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

गोष्ट सुरू होते १९५७ च्या मार्चमध्ये, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात. सोरब तालुक्याच्या बाजूच्या जंगलांत माकडे मरून पडत असल्याची बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रापर्यंत पोहोचली. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजेच हे केंद्र. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ते स्थापन झाले होते. माकडे मरत आहेत म्हटल्यावर शास्त्रज्ञांच्या काळजाचा ठोका चुकला, कारण दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडे मरू लागणे ही पीतज्वराची खूण मानतात. पीतज्वर भारतात कधीच नव्हता आणि तो शिरला असता तर हाहाकार झाला असता. तपासणीत निघाला वेगळाच विषाणू : रशियाकडच्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. क्यासनूर जंगलातल्या मेलेल्या वानराच्या शरीरातून तो वेगळा केला, म्हणून नाव पडले क्यासनूर फॉरेस्ट डिसीज.

गावांत मात्र त्याला आधीच नाव होते. ‘मंगन कायिले’. कन्नडमध्ये मंग म्हणजे माकड आणि कायिले म्हणजे आजार. माकडे मरतात आणि पाठोपाठ माणसांना ताप येतो, हे गावकऱ्यांनी पाहिले होते आणि दोन्हींचा संबंध जोडला होता. त्याच तापाचे रुग्ण सुरुवातीला विषमज्वराच्या खात्यात मांडले जात होते. रोगशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर या आजाराचे पहिले निरीक्षण आणि पहिले अनुमान, दोन्ही गावाचे होते. विषाणू शोधण्याचे श्रेय प्रयोगशाळेचे, यात शंका नाही. पण प्रयोगशाळेने शोध कुठे घ्यायचा हे मेलेल्या माकडांमुळे ठरले, आणि ती माकडे जंगलात जाणाऱ्यांनीच पाहिली होती.

पुढच्या दहा-बारा वर्षांत शास्त्रज्ञांनी गोचिडाचे आयुष्य बारकाईने उलगडले. ते समजले की बाकीचे सोपे जाते. मुख्य गुन्हेगार ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ नावाची गोचीड. मादी पावसाळ्यात जमिनीवर अंडी घालते. पाऊस ओसरला की अळ्या बाहेर येतात आणि उंदीर, चिचुंद्री, खारी अशा लहान प्राण्यांचे रक्त पितात. अळीची पुढची अवस्था म्हणजे ते खसखशीएवढे पिल्लू. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत त्यांचा सुळसुळाट असतो आणि माणसाला चावतात ती प्रामुख्याने हीच. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गुरांच्या अंगावर पोसली जाते. गुरांना हा ताप येत नाही, त्यांच्यापासून तो पसरतही नाही. पण गोचिडांची पुढची पिढी त्यांच्या रक्तावर उभी राहते. माकडाला लागण झाली की विषाणू त्याच्या रक्तात प्रचंड वाढतो. माकड मरते, शरीर थंड पडते आणि अंगावरच्या गोचिडा उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. मेलेल्या माकडाभोवतीची जागा म्हणूनच सर्वांत धोक्याची. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही. हे मुद्दाम सांगावे लागते.

या सगळ्यात एक नाव आवर्जून घ्यावे असे आहे : जॉर्ज बोशेल. हा कोलंबियाचा डॉक्टर. आपल्या देशात जंगली पीतज्वराचा अभ्यास करताना तो लाकूडतोड्यांबरोबर रानात गेला होता. उंच झाड कोसळताच शेंड्यावर राहणारे निळे डास लाकूडतोड्यांभोवती घोंगावू लागतात, हे त्याने तिथे पाहिले आणि माणसांना पीतज्वर कसा होतो याचे कोडे सुटायला मदत झाली. हाच बोशेल पुढे पुण्याच्या केंद्राकडून माकडतापावर काम करू लागला. १९६९ मध्ये त्याने मांडले, की दाट, अस्पर्श जंगल हे या तापाचे खरे घर नव्हे. वस्ती वाढली, जंगलाच्या कडा तुटल्या, तिथे घाणेरीची झुडपे माजली, गुरे चरू लागली, आणि उंदीर, गोचीड, माकड, माणूस सगळे एका जागी आले. त्या कडेवर आजार फोफावला. लाकूडतोड्यांच्या कामाकडे नीट पाहण्याची सवय नसती, तर हे त्याला इतके स्वच्छ दिसले असते का, असे वाटून जाते.

ते खरे असल्याचा पुरावा १९८२-८३ मध्ये मिळाला. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळ्तंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी जंगल सपाट केले गेले आणि पाठोपाठ या तापाची आजवरच्या मोठ्या साथींपैकी एक साथ आली. हजाराहून अधिक लोक आजारी पडले. बळी पडले ते बहुतेक जंगल तोडणारे मजूर आणि जंगलालगतचे गरीब शेतकरी. मार्क निक्टर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने या साथीवर १९८७ मध्ये एक निबंध लिहिला आणि माकडतापाला ‘विकासाचा आजार’ म्हटले. वैद्यकीय निबंधांत सहसा न सापडणारी गोष्ट त्यात आहे : लोक या आजाराचा काय अर्थ लावत होते. जंगल तोडले म्हणून दैवते रुष्ट झाली, असे अनेकांचे म्हणणे होते. एखाद्या तरुण डॉक्टरने ही अंधश्रद्धा म्हणून वहीतून खोडली असती. पण देवाचा कोप बाजूला ठेवला, तर उरलेले वाक्य काय आहे? ‘जंगल तोडले म्हणून ताप आला.’ बोशेलचे अनुमान याहून फार वेगळे नव्हते.

यानंतर बराच काळ हा आजार कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांपुरता आहे असे समजून बाकीचे निश्चिंत होते. २०१२ च्या अखेरीस तो चामराजनगर जिल्ह्यात बांदीपूरच्या जंगलापर्यंत पोहोचला. तिथे आजारी पडले ते मेलेली माकडे हाताळणारे लोक. मग केरळातले वायनाड. २०१५ मध्ये सत्तरीतले पाली गाव. जानेवारी २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातले केर, आणि २०१७ च्या मोसमात बांदा परिसर. कोकणात साथ आली तेव्हा सुरुवातीचा गोंधळ समजण्यासारखा होता. सिंधुदुर्गात डॉक्टरांना पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिसची ओळख होती, डेंगीची होती. माकडतापातही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, त्यामुळे कागदावरचा रिपोर्ट डेंगीसारखाच दिसतो. फरक रिपोर्टात नसतो, तो रुग्णाच्या गेल्या आठवड्याच्या दिनक्रमात असतो. फेब्रुवारीत, पाऊस नसताना, बागेत काम करणाऱ्याला असा ताप का यावा, हा प्रश्न ज्याने विचारला त्याला उत्तराची दिशा सापडली. पालीतल्या साथीचा पुढे जो अभ्यास झाला, त्यात काजूबागेतल्या कामाचा धोका स्पष्ट दिसून आला.

लसीची कहाणीही सांगण्यासारखी आहे. कर्नाटकात अनेक वर्षे मृत विषाणूपासून बनवलेली लस दिली जात होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, आणि पुढे काही वर्षे दरवर्षी एक. टोचल्यावर हात चांगलाच दुखतो. २००५ ते २०१० या काळातल्या रुग्णांच्या अभ्यासात दिसले, की एका डोसाने संरक्षण मिळत नव्हते, दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि तिसऱ्यासह सुमारे ८३ टक्के मिळत होते. म्हणजे एक डोस घेऊन थांबलेल्या माणसाने दुखरा हात आणि बुडालेली मजुरी सोसली आणि हाती काही आले नाही. असा माणूस शेजाऱ्याला काय सांगणार? ‘लोक लस घेत नाहीत, जागृती नाही’ असे अहवालांत येत राहिले. लोकांचे म्हणणे मात्र साधे होते : सुई दुखते, दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नाही आणि घेतलेल्यालाही ताप येतो. यातले एकही विधान खोटे नव्हते. लसीची परिणामकारकता पुढे आणखी घसरल्याचे दिसले आणि २०२२ मध्ये ती बंद करावी लागली. नव्या लसीवर काम सुरू आहे. लोकांची कुरबूर हा अडथळा न मानता तिची माहिती म्हणून नोंद झाली असती, तर जुन्या लसीचे दुखणे थोडे आधी कळले असते, असे म्हणायला जागा आहे.

अलीकडच्या काळात या आजाराकडे वेगळ्या रीतीने पाहण्याचा एक प्रयत्न झाला. २०१८ च्या सुमारास ब्रिटनचे सेंटर फॉर इकॉलॉजी अँड हायड्रॉलॉजी, बेंगळुरूची एट्री ही पर्यावरण संस्था, तिथलीच इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ, आणि पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची ‘निवेदी’ ही संस्था अशा अनेकांनी मिळून काम सुरू केले. आकडे गोळा करण्याआधी त्यांनी आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन खात्यांतल्या लोकांना एकत्र बसवले आणि विचारले : तुमच्या मते धोका कशाने वाढतो? तुम्हाला नकाशा हवा असेल तर कशासाठी, किती बारीक? मग त्या उत्तरांतून निघालेल्या शक्यता आकडेवारीवर तपासल्या. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओलसर सदाहरित जंगल आणि बागायती यांची जिथे सरमिसळ आहे आणि देशी गुरांची संख्या जास्त आहे, तिथे माणसांना लागण होण्याचा धोका अधिक. २०१९ मध्ये शिवमोग्याच्या सागर तालुक्यात आरळगोडू परिसरात मोठी साथ आली होती. त्या वर्षी जिथे जिथे रुग्ण निघाले त्या जागा या नकाशाने बऱ्याच अचूक दाखवल्या.

याचा रोजच्या भाषेत अर्थ काय? धोका फक्त ‘आत’ जंगलात नाही. तो सुपारीच्या बागेच्या कडेला आहे, परसामागच्या रानात आहे, गुरांच्या वाटेवर आहे. मलनाडातल्या सुपारी बागायतदारांना बागेला लागूनच्या जंगलातून पाला आणण्याचा जुना हक्क आहे. त्या जमिनीला ‘सोप्पिन बेट्टा’ म्हणतात. तिथला हिरवा आणि वाळका पाला गोठ्यात अंथरला जातो, शेणामुतात कुजतो आणि खत होऊन बागेत जातो. कोकणातही गोठ्यात पाचोळा टाकतात, भाजावळीला पातेरा आणतात. पाल्याच्या भाऱ्याबरोबर गोचीड घरापर्यंत येऊ शकते. म्हणजे जंगलात पाऊल न ठेवलेली, गोठा सारवणारी म्हातारीही धोक्याच्या टापूत आली. ‘जंगलात जाऊ नका’ हा फलक तिच्यासाठी नाहीच.

या प्रयत्नाचे कौतुक करतानाही एक उणीव दाखवावीशी वाटते. सुरुवातीच्या बैठकांत होते ते मुख्यतः खात्यांचे लोक. पुढच्या टप्प्यात कर्नाटक आणि केरळमधल्या जंगलालगतच्या कुटुंबांशी बोलणे झाले, पण ‘स्थानिकांचा सहभाग’ या शब्दांत कोण बसते हा प्रश्न इथेच उभा राहतो. गावात पथक आले की पुढे येतात ते सरपंच, पोलीस पाटील, बागेचे मालक. बागेचा मालक काजू स्वतः वेचतोच असे नाही. पातेरा डोक्यावरून आणते ती बाई सभेला नसते, कारण सभेची वेळ तिच्या पाण्याची किंवा स्वयंपाकाची असते. हंगामापुरते परगावाहून आलेले मजूर तर मतदार यादीतही नसतात आणि आशाताईच्या वहीतही नसतात. तापलेले असताना ते आपल्या गावी परततात आणि आजार दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच नावाने नोंदला जातो. सहभाग मोजायचाच असेल तर सभेतली डोकी मोजून भागणार नाही. पाल्यात कोणाचे हात जातात हे पाहून त्या हातांच्या मालकाला विचारावे लागेल.

विचारायचे तरी काय? काही प्रश्नांची उत्तरे कुठल्याही प्रयोगशाळेत नाहीत. बागेची बेणणी कोणत्या महिन्यात होते आणि ती पंधरा दिवस अलीकडे आणली तर काय बिघडेल? पाचोळा आणून लगेच गोठ्यात टाकतात की उन्हात पसरतात? अंगाला लावायचे तेल घामाने किती वेळ टिकते? कर्नाटकात गोचीड दूर ठेवणारे तेल वाटले जाते, पण तासाभराच्या राबणुकीनंतर ते पुन्हा लावायला बाटली बरोबर असते का, की ती घरी फळीवर राहते? माकड मेलेले दिसले तर लोक कोणाला सांगतात? की सांगतच नाहीत? हा शेवटचा प्रश्न नाजूक आहे. माकडे आणि वानरे नारळ-केळीची धूळधाण करतात हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या बागेत माकड मेले असे सांगितले, तर तूच विष घातलेस असा संशय येईल, ही धास्ती शेतकऱ्याला वाटणे अगदी शक्य आहे. दुसरीकडे, मेलेल्या वानरात मारुतीराया पाहून त्याला फुले वाहून, खांद्यावरून नेऊन मूठमाती देणारी गावेही आपल्याकडे आहेत. सगळ्या नियंत्रण व्यवस्थेचा पाया मेलेल्या माकडाची तत्काळ खबर हाच असताना, खबर न येण्याची कारणे माहीत नसणे परवडणारे नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सुरुवातीच्या वर्षांत आदिवासींमधल्या सिकलसेलचा अभ्यास केला. अभ्यास चोख होता, पण ज्यांच्यासाठी तो केला त्यांना ती आपली निकड वाटतच नव्हती. डॉ. बंग यांनी हा अनुभव स्वतःच सांगितला आहे, आणि लोकांवर संशोधन, लोकांसाठी संशोधन आणि लोकांबरोबर संशोधन यांतला फरक त्यातून मांडला आहे. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर पुढचे पाऊल टाकले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट सुरू झाले. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, प्रश्न गावाचा असतो, निर्णय ग्रामसभेचा. मध काढताना मधमाश्या जाळल्या जातात, पोळे नष्ट होते, हा प्रश्न अभ्यासगटाने घेतला आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून माश्या वाचवण्याची पद्धत गावाने आत्मसात केली. २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. आपल्या जंगलाचा अभ्यास आपण करू शकतो हे माहीत असलेले गाव तो हक्क वापरूही शकते.

माकडतापाच्या बाबतीत हक्काचा मुद्दा दूरचा नाही. रक्ताचे नमुने नेले जातात, गोचिडा गोळा करून नेतात, घरोघर प्रश्नावली भरून घेतात. निकाल येतो तो शोधनिबंधात, इंग्रजीत. ज्याच्या दंडातून रक्त घेतले त्याला ते पॉझिटिव्ह होते का, हे कळायलाही खेटे घालावे लागले, तर पुढच्या वर्षी तो दंड पुढे करणार नाही. आणखी एक भीती लोक उघड बोलत नाहीत : आमच्या गावाच्या नावावर हा आजार लागला तर काजूला भाव मिळेल का, मुलीला स्थळ येईल का, आणि आजाराचे निमित्त करून जंगलाची वाट बंद तर होणार नाही ना? जंगलजमिनीचे दावे प्रलंबित असलेल्या घराला शेवटचा प्रश्न तापापेक्षा मोठा वाटू शकतो. संशोधकांनी पहिल्या दिवशीच यावर स्पष्ट बोलावे. नमुना कशासाठी घेतो, निकाल कधी आणि कोण सांगणार, गावाचे नाव छापणार की नाही. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

दवाखान्यातही हे विचारणे सुरू होऊ शकते. डिसेंबर ते मे या काळात सिंधुदुर्ग, गोवा आणि सीमेवरच्या भागात तीव्र तापाचा रुग्ण आला, तर गेल्या दहा दिवसांत बागेत, रानात, गुरांमागे गेला होता का, पाचोळा आणला का, जवळपास माकड मेलेले दिसले का, हे केसपेपरावर लिहिलेले असावे. पहिल्या काही दिवसांत विषाणूचा थेट शोध घेणारी पीसीआर चाचणी उपयोगी पडते, नंतर प्रतिपिंडांची. रुग्णाने हे स्वतःहून सांगितले तर डॉक्टरचे दोन दिवस वाचतात.

बागेत जाणाऱ्यांसाठी इतकेच. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून विजार मोज्यांत खोचावी, आणि पाचोळ्यावर थेट बसण्याऐवजी गोणपाट किंवा पाट घ्यावा. गोचीड दूर ठेवणारे तेल आरोग्य केंद्रातून मिळाले, तर बाटली कामाच्या जागी न्यावी. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागची जागा, मुलांचे केस नीट पाहावेत. चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. गुरांवरच्या गोचिडांसाठी पशुवैद्यकाला विचारून औषध लावावे. मेलेल्या माकडाला हात लावू नये, जवळही जाऊ नये. आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवावे, म्हणजे आसपास मॅलॅथिऑन पावडर मारता येते. ताप आल्यास अ‍ॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, पॅरासिटामॉल चालते. आणि ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे गेल्यावर पुन्हा ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, हात थरथरणे किंवा बरळणे सुरू झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दहा ते वीस टक्के रुग्णांत हा दुसरा टप्पा येतो, आणि काजूचा मोसम ऐन भरात असल्याने नेमका तोच अंगावर काढला जातो.